रोड आणि माउंटन बाइकसाठी नवी चाके : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

दोन सायकली, दोन चाकजोड्या. दोन्हींची तक्रार एकच: मागच्या चाकाचा आउट, म्हणजे रिमचा (चाकाच्या कड्याचा) वाकडेपणा, काढला तरी दोन-तीन आठवड्यांत परत येतो, आणि सैल पडतात ते डाव्या बाजूचे स्पोक (चाकाच्या तारा). वजन कमी करणे हा हेतू यादीत आहे, पण खालच्या ओळीत.

आज फक्त मोजमाप. फ्रेमवरच्या स्टिकरवर विसंबून चाक मागवले की परत पाठवायची वेळ येते, म्हणून कॅलिपर लावूनच आकडे घेतले.

रोड: डिस्क ब्रेक. पुढे १०० × १२ मिमी, मागे १४२ × १२ मिमी थ्रू-ॲक्सल, म्हणजे हबमधून (चाकाच्या मधल्या तुंब्यातून) आरपार जाणारा आस. रोटर (ब्रेकची चकती) सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एका रिंगने आवळला जाणारा. ११ गिअर, ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच, ११ ते ३४ दात), एचजी बॉडी (कॅसेट बसते तो हबचा भाग, म्हणजे फ्रीहब). सध्याची रिम ॲल्युमिनियम, आतली रुंदी १७ मिमी, २८ स्पोक. जोडीचे वजन ट्यूबलेस टेप (रिमची भोके हवाबंद करणारी पट्टी) आणि व्हॉल्व्हसकट १९६० ग्रॅम. चेनस्टेमधली (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्यांमधली) सर्वांत अरुंद जागा ४० मिमी.

माउंटन: पुढे ११० × १५, मागे १४८ × १२, म्हणजे बूस्ट (रुंद हबचे माप). रोटर सहा बोल्टचा. ११ गिअर, ११-४६, एचजी बॉडी. रिमची आतली रुंदी २५ मिमी, टायर २.४ इंची. मागच्या रिमच्या कडेला तीन ठिकाणी पोचे.

टायर बसतो तो व्यास दोन्हीकडे ६२२ मिमी. ७००सी आणि २९ इंच ही एकाच मापाची दोन नावे. म्हणून रोडचे चाक माउंटनला लागेल असे मात्र नाही, हबची रुंदी आडवी येते. २७.५ इंचाचा व्यास ५८४ मिमी, त्याचा इथे संबंध नाही.

५ नोव्हेंबर

निवडीचा क्रम ठरवला: आधी ॲक्सल, फ्रीहब आणि रोटर, मग टायरची रुंदी आणि तिला साजेशी रिम, मग स्पोकची संख्या आणि बांधणी, सर्वांत शेवटी ग्रॅम. बहुतेक चुकीच्या खरेद्या हा क्रम उलटा धरल्याने होतात.

ग्रॅमचा हिशेब एकदाच करून बाजूला ठेवला. रोडच्या नव्या जोडीत ४०० ग्रॅम वाचतील असे धरू. स्वार ८४ किलो, सायकल ९ किलो, एकूण ९३. चारशे ग्रॅम म्हणजे ०.४३ टक्के. तासाभराच्या सलग चढाला त्यातून फार तर १५ सेकंद मिळतात. रिमवरचे वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट मोजले जाते हे खरे, पण फक्त वेग घेताना. एका चालीने चढताना रिमवरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. चारशे मिलिलिटर पाणी कमी घेतले तरी हिशेब तोच बसतो.

६ नोव्हेंबर

रोडची रिम. टायर धरणारी आतली कड (हुक) असलेली की तिच्याविना, म्हणजे हुकलेस, यावर अर्धा दिवस गेला.

हुकलेस रिमला दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. ८४ किलोच्या स्वाराला २८ मिमी टायरमध्ये मागे लागणारा दाब या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. पंपाचा काटा थोडा चुकला तरी मर्यादा ओलांडली. शिवाय हुकलेसवर निर्मात्याच्या यादीतलेच टायर चालतात आणि अतिरुंद रिमवर अरुंद टायर चालत नाही: आतली रुंदी २५ मिमी असेल तर टायर निदान २९ मिमीचा हवा. स्वार हलका आणि टायर ३२ मिमीचा असता तर हुकलेस घ्यायला हरकत नव्हती. इथे हुकवालीच.

ठरले: कार्बन, खोली ४० मिमी, आतली रुंदी २३, बाहेरची ३१. पुढे २८ चा टायर, मागे ३० चा. आतली रुंदी एक मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. म्हणजे मागचा ३० चा टायर या रिमवर ३१ च्या पुढे जाणार. चेनस्टेमध्ये ४० मिमी जागा आहे, दोन्ही बाजूंना चार मिमीहून थोडे जास्त उरते. यापेक्षा कमी जागा ठेवायची नाही, चिखल आणि खडीचा एखादा दाणा फ्रेमचा रंगच काय, कार्बनही खरवडतो.

खोली वाढवण्याचा मोह आवरला. ६० मिमीची पुढची रिम आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. सरळ सपाट रस्त्यावर फायदा दिसतो, उतारावर झाडांची रांग संपली की तोटा.

७ नोव्हेंबर

माउंटनची रिम. ॲल्युमिनियम. कार्बन नाकारण्याचे कारण साधे आहे: दगडावर आपटून ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो पानाने थोडाफार सरळ होतो आणि दिवस निभावतो. कार्बनला तडा गेला की चाक बाद.

आतली रुंदी ३० मिमी, २.४ च्या टायरला हीच रास्त. २५ वर हा टायर वरून फुगा आणि खालून निमुळता बसतो, कमी दाबाला वळणावर एका बाजूला लोळतो. ३५ वर उलट चूक: टायर चपटा होतो, बाजूचे रबरी उंचवटे जमिनीला वेळेआधी टेकतात आणि बाजूची भिंत दगडांना उघडी पडते.

रिमवर वापराची श्रेणी लिहिलेली असते ती पाहिली. श्रेणी ३ म्हणजे ६१ सेंमीपर्यंतच्या उड्या, श्रेणी ४ म्हणजे १२२ सेंमीपर्यंत. जुनी रिम श्रेणी ३ ची होती. पोचे का पडले याचे उत्तर तिथेच छापलेले होते. नवी श्रेणी ४ ची, रिममागे सुमारे ६० ग्रॅम जास्त. चालेल.

रिम असममित घेतली: स्पोकची भोके मध्यरेषेपासून ३ मिमी एका बाजूला. तक्रारीवरचा खरा इलाज हाच आहे, त्याचे आकडे पुढे.

९ नोव्हेंबर

हब आणि फ्रीहब.

माउंटनला बदलता येणारी फ्रीहब बॉडी हवीच. आज कॅसेट ११-४६, एचजीवर बसते. पुढे शिमानोची १२ गिअरची १०-५१ लावायची झाली तर मायक्रो स्प्लाइन बॉडी लागेल, कारण १० दातांचे चाक एचजीवर मावत नाही. स्रॅमच्या १० दातांच्या कॅसेटला एक्सडी. बॉडी बदलणे दहा मिनिटांचे काम, पण त्या हबसाठी ती बॉडी मिळते का, हे घेण्याआधी पाहायचे.

पेडल मारल्यावर हबची पकड किती अंश फिरल्यावर लागते याची जाहिरात फार होते. ३६ दातांचा रॅचेट (हबमधली एकाच दिशेने पकडणारी दातेरी यंत्रणा) म्हणजे १० अंश, ५४ दातांचा म्हणजे ६.७. पण पायाला जाणवतो तो हबचा कोन नाही, क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा). ३२-४६ च्या गिअरला (पुढे ३२, मागे ४६ दात) हबचे १० अंश क्रँकवर १४.४ होतात, ५४ दातांना ९.६. खडकाळ चढावर पेडल अर्धे फिरवून पुन्हा दाब द्यायचा असतो, तिथे हा पाच अंशांचा फरक कळतो. रोडवर ५०-१७ ला तेच १० अंश क्रँकवर ३.४ उरतात. म्हणून माउंटनला ५४, रोडला ३६. रोडवर ५४ घेऊन फक्त आवाज वाढतो.

रोडसाठी कारखान्यात बांधलेली जोडी मागवली, २४-२४ स्पोक. माउंटन इथेच बांधायची, ३२-३२.

१४ नोव्हेंबर

माउंटनचे सुटे भाग आले. रिमचा प्रभावी व्यास (समोरासमोरच्या स्पोकटोकांमधले अंतर) निर्मात्याच्या कागदावर ६०० लिहिलेला. मोजून घेतला: २८० मिमीच्या दोन स्पोकवर निपल (रिमच्या बाजूचा, स्पोक आवळणारा छोटा नट) इतके चढवले की स्पोकचे टोक निपलच्या खाचेच्या तळाला टेकले, ते समोरासमोरच्या भोकांतून आत घातले, ताणून धरले आणि मधली फट मोजली. चार ठिकाणी ४१.५ ते ४२.५. सरासरी ४२, म्हणजे व्यास ६०२. कागद आणि रिम यांच्यात २ मिमी फरक निघाला. कागद खरा मानला असता तर प्रत्येक स्पोक १ मिमी आखूड आला असता.

स्पोकची लांबी: रिमची त्रिज्या ३०१, फ्लँजच्या (स्पोक अडकतात त्या हबच्या कडेच्या) भोकांची त्रिज्या २९, ३२ स्पोक, तीन छेद (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो). छेदाचा कोन ३ × ७२० ÷ ३२ = ६७.५ अंश. दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि चाकाच्या मध्यापासून फ्लँजपर्यंतच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची, त्यातून दोन्ही त्रिज्या आणि कोनाची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करायची, वर्गमूळ काढायचे, शेवटी स्पोकभोकाचा अर्धा व्यास १.३ मिमी वजा.

हबवर मोजलेली अंतरे: पुढे डावा फ्लँज २७, उजवा ३७. मागे डावा ३६, उजवा २३. रिमची भोके ३ मिमी सरकलेली असल्याने हिशेबात पुढे ३० आणि ३४ येतात, मागे ३३ आणि २६. उत्तरे: पुढे २९१.४ आणि २९१.८, मागे २९१.७ आणि २९१.०. चारही बाजूंना २९१ चालतो. साध्या रिमवर २९१ आणि २९२ असे दोन माप लागले असते. सुटे स्पोक एकाच मापाचे ठेवता येणे ही फुकटात मिळालेली सोय.

आता तक्रारीकडे. मागच्या चाकात दोन्ही बाजूंच्या ताणाचे प्रमाण फ्लँजच्या अंतरांच्या उलट असते. साध्या रिमवर २३ ÷ ३६, म्हणजे उजवीकडे १२० किलो ताण दिला तर डावीकडे ७७ वर थांबावे लागते, नाहीतर रिम मध्यातून सरकते. असममित रिमवर २६ ÷ ३३, म्हणजे डावीकडे ९५ किलो. भार रिमच्या तळाशी आला की तिथल्या स्पोकचा ताण उतरतो. तो शून्याच्या जवळ गेला की निपल आपोआप सुटत जाते. ७७ वरून उतरणे आणि ९५ वरून उतरणे यात फरक आहे. डावे स्पोक सैल पडण्याला कितीही गोंद लावा, मूळ दुखणे कमी ताण हेच.

१६ नोव्हेंबर

स्पोक मध्ये बारीक केलेले, २.० - १.८ - २.०. सरळ २.० चे घेतले नाहीत. बारीक मध्य थोडा ताणला जातो, त्यामुळे त्याच धक्क्याला ताण एकदम शून्यावर येत नाही आणि वाकाजवळ तुटण्याचे प्रमाणही कमी होते. कडक म्हणजे मजबूत, ही समजूत इथे लागू नाही.

निपल पितळी. ६४ पितळी निपलांचे वजन साधारण ६४ ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या साधारण २२. चाळीस ग्रॅमसाठी सीलंट (टायरमधले गळती बुजवणारे द्रव) आणि ओल यांनी खाल्लेली, पानाखाली गोल होणारी निपले नकोत.

धाग्यांना जवसाचे तेल. फिरवताना ते वंगण, आठवड्याने सुकले की हलका चिकटा.

१७ नोव्हेंबर

मागचे चाक विणले. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक एकमेकांपासून दूर जाणारे ठेवले, म्हणजे पंपाचे तोंड मोकळे बसते. सगळी निपले शेवटचा धागा दिसेनासा होईपर्यंत, मग प्रत्येकी अर्धा फेरा.

संध्याकाळी ताणमापक लावला. उजवीकडे सरासरी ६०, डावीकडे ३१. चाक मध्यावर, आउट जवळजवळ नाही, दिसायला उत्तम. पण प्रमाण ५१ टक्के आले, आणि हिशेबात ७९ हवे होते. रिम उलटी विणली गेली होती: भोके डावीकडे सरकलेली हवीत, ती उजवीकडे. मग अंतरे २० आणि ३९ होतात आणि २० ÷ ३९ म्हणजे नेमके ५१ टक्के.

ही चूक स्पोकच्या लांबीतून कळत नाही, कारण उलट्या रिमलाही लांबी २९०.५ आणि २९२.४ येते, २९१ चा स्पोक ओढूनताणून बसतोच. नजरेलाही कळत नाही. मापक नसता तर जुन्यापेक्षा वाईट चाक तयार झाले असते, आणि नव्या महाग रिमवर. सगळे उकलले.

लक्षात ठेवायचे: मागे भोके डिस्कच्या बाजूला, पुढे डिस्कच्या विरुद्ध बाजूला. पुढे आणि मागे तीच रिम, दिशा उलट. रिमच्या आत पेन्सिलने बाण काढून ठेवले.

१८ नोव्हेंबर

मागचे पुन्हा विणले. अर्ध्या ताणाला ६० आणि ४७. बरोबर.

क्रम: आधी उंचीचा आउट, मग बाजूचा, मग मध्य, मग ताण, आणि पुन्हा पहिल्यापासून. उंचीचा आउट ताण वाढल्यावर काढणे अवघड होते, म्हणून तो आधी. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

ताण ८० च्या पुढे गेला की गोल स्पोक निपलबरोबर पिळतो. स्पोकवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला की पीळ दिसतो: पाना पाव फेरा फिरला, झेंडा त्यातला निम्मा फिरला, म्हणजे धाग्यावर निम्माच गेला. थोडे जास्त फिरवून तेवढे मागे आणायचे, झेंडा मूळ जागी आला पाहिजे. पीळ तसाच राहिला तर पहिल्याच फेरीत चाक कटकट वाजते आणि आउट येतो. चपट्या स्पोकला खाचेच्या पट्टीने धरले की हा प्रश्नच नाही.

समांतर स्पोकच्या जोड्या हाताने जोरात आवळून प्रत्येक ताणवाढीनंतर स्पोक जागेवर बसवले. पहिल्यांदा आउट ०.६ मिमी उसळला, तिसऱ्यांदा हलला नाही.

रात्रीचे आकडे: उजवीकडे ११६ ते १२२, डावीकडे ९१ ते ९७. बाजूचा आउट ०.२, उंचीचा ०.३. रिमवर लिहिलेली मर्यादा १२५.

१९ नोव्हेंबर

पुढचे. डिस्कची बाजू ११०, उजवी ९७. दोन तासांत झाले.

२२ नोव्हेंबर

रोडची जोडी आली. वजन १५६० ग्रॅम. स्टँडवर आउट ०.१ मिमी, अगदी सरळ. मापक लावल्यावर चित्र बदलले: मागे उजवीकडे ९६ ते १३१, डावीकडे ४८ ते ७४. शेजारशेजारचे घट्ट आणि सैल स्पोक एकमेकांना तोलून धरत होते. असे चाक दुकानात सरळ असते आणि महिन्याभराने वाकडे.

या हबवर उजवा फ्लँज १९, डावा ३४, रिम सममित. प्रमाण ५६ टक्के. उजवीकडे ११५ धरले तर डावीकडे ६४. घट्ट स्पोक उतरवून आणि त्याच बाजूचे शेजारी चढवून दीड तासात उजवीकडे १११ ते ११८, डावीकडे ६१ ते ६६ वर आणले. आउट ०.१ वरून ०.२ झाला. हा सौदा परवडणारा आहे.

मापकावरचा आकडा म्हणजे किलो नव्हे. तो स्पोकच्या आकाराच्या तक्त्यातून वाचायचा, गोल १.८ चा तक्ता चपट्या स्पोकला लावला तर सगळेच चुकते. आणि ताण टायरशिवाय मोजायचा, कारण टायर फुगवला की रिम दाबली जाऊन ताण थोडा उतरतो.

२३ नोव्हेंबर

टेप. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त: रोडला २५, माउंटनला ३३. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवले. टेप ओढून, ताणून. मधल्या खळग्यात हवा राहिली की तिथूनच गळते. रोडला दाब जास्त म्हणून दोन थर.

व्हॉल्व्ह रोडला ६० मिमी: रिमची खोली ४० आणि वर २०. सीलंट रोडला चाकामागे ४० मिली, माउंटनला १००.

रोडचे पुढचे चाक रात्रीत निम्मे उतरले. साबणाच्या पाण्याने टायरच्या कडेला बुडबुडा नाही, व्हॉल्व्हच्या नटाखाली आहे. याचा अर्थ व्हॉल्व्हच गळतो असा नाही. टेप कुठेही फाटली तरी हवा पोकळ रिममध्ये शिरते आणि व्हॉल्व्हच्या भोकातून बाहेर येते. टायर काढला. व्हॉल्व्हसाठी टेप पात्याने कापली होती, चीर तीन मिमी लांब गेलेली. नवी टेप, भोक या वेळी तापवलेल्या दाभणाने. गोल वितळलेली कड पुढे फाटत नाही.

२५ नोव्हेंबर

जोडणी. रोडच्या ११-३४ कॅसेटमागे १.८५ मिमीची चकती लागते, कारण ही कॅसेट माउंटनच्या आखूड बॉडीच्या मापाने केलेली आहे आणि रोडची ११ गिअरची बॉडी तिच्यापेक्षा तेवढ्याने जास्त लांब. जुन्या बॉडीला ग्रीसमध्ये चिकटून राहिलेली चकती तिथेच विसरली जाते. मग लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) ४० न्यूटन-मीटरला घट्ट होते आणि कॅसेट तरीही खुळखुळते.

सेंटरलॉकचे लॉकरिंगही ४०. सहा बोल्टचा रोटर तारेच्या आकारात, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, रोटरवर लिहिलेल्या टॉर्कला.

नव्या हबवर रोटर ०.३ मिमी आत बसला. ब्रेकच्या कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळले. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) केबलच्या ताण-स्क्रूला पाव फेरा देऊन जुळवला.

मागचा रोड टायर फुगवून मोजला: ३१.४ मिमी. दोन्ही बाजूंना ४.३ मिमी मोकळे.

७ डिसेंबर

रोड २१० किमी, माउंटन ९५ किमी. टायर उतरवून मापक.

माउंटन मागे: उजवीकडे ११५ ते १२१, डावीकडे ९० ते ९६. आउट ०.२, तसाच. हात लावला नाही.

रोड मागे: उजवीकडे ११० ते ११७. डावीकडे ६० ते ६५, फक्त व्हॉल्व्हपासून सातवा ५४. कारखान्यातला पीळ त्या एका स्पोकमध्ये राहून गेला असावा. पाव फेऱ्याने ६२ वर आला. पुढची तपासणी ५०० किमीला, तो सातवा आधी.

सीटपोस्टच्या आत २९१ मिमीचे दोन स्पोक कागदात गुंडाळून, निपल चढवून ठेवले.